मुरमांवरील सौम्य उपचार : प्रकल्प नोंदी

५ जानेवारी २०२५

माझ्या एकोणीस वर्षांच्या भाचीच्या चेहऱ्यावरील मुरमांचा उपचार आजपासून रीतसर नोंदी ठेवून करायचा, असे आम्ही दोघींनी ठरवले आहे. मुरमे कमी व्हावीत, पण त्यापायी त्वचा लाल होणे, सोलवटणे, जळजळणे किंवा काळवंडणे हे भोग शक्यतो वाट्याला येऊ नयेत, एवढेच या प्रकल्पाचे उद्दिष्ट आहे. औषधनिर्माणशास्त्राच्या क्षेत्रात काम करताना माझे एक मत पक्के होत गेले आहे. मुरमांचे बरेचसे उपचार औषधाचा त्रास सहन न झाल्याने मध्येच सोडले जातात, आणि मग ‘मला काही लागू पडत नाही’ असे म्हणत माणूस पुढच्या, अधिक जहाल औषधाकडे वळतो. हे चक्र सुरूच होऊ द्यायचे नाही, या दृष्टीने मी सगळी आखणी केली आहे.

उपचारापूर्वी निदान हवे, म्हणून आधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून आलो. कपाळावर व हनुवटीवर बंद तोंडाच्या पांढुरक्या पुटकुळ्या, नाकावर ब्लॅकहेड, दोन्ही गालांवर लालसर दुखरे फोड आणि त्यांतल्या काहींच्या टोकाला पू, असे आजचे चित्र आहे. खोल गाठी नाहीत आणि कायमचे खड्डेही पडलेले नाहीत. ते असते तर हा प्रकल्प मी हाती घेतलाच नसता, कारण गाठी आणि व्रण पडणाऱ्या मुरमांत सौम्यपणाच्या नावाखाली दवडलेला वेळ चेहऱ्यावर कायमची खूण ठेवून जाऊ शकतो. कपाळावरच्या पुटकुळ्या डॉक्टरांनी भिंगातून नीट पाहिल्या. सगळ्या एकाच आकाराच्या, खाज सुटणाऱ्या आणि ब्लॅकहेडची सोबत नसलेल्या पुटकुळ्या असतील तर ती मुरमे नसून मॅलेसेझिया या यीस्टमुळे, म्हणजे एका बुरशीमुळे, रोमकूपांना (त्वचेवरच्या केसांच्या मुळांशी असलेल्या सूक्ष्म पिशव्यांना) आलेली सूज असू शकते, आणि प्रतिजैविकांनी ती उलट बळावते. इथे तसे काही नाही. पाळी नियमित येते का, ओठांवर किंवा हनुवटीवर राठ केस वाढले आहेत का, डोक्यावरचे केस विरळ होत आहेत का, हेही त्यांनी विचारून घेतले, कारण संप्रेरकांचा बिघाड मुळाशी असेल तर नुसत्या मलमाने भागत नाही.

मोजणीची पद्धत अशी ठरली : दर रविवारी सकाळी, तोंड धुतल्यावर थोड्या वेळाने, त्याच खिडकीच्या उजेडात कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन्ही गाल स्वतंत्रपणे पाहायचे, आणि बंद पुटकुळ्या, लाल फोड व पू असलेले फोड वेगवेगळे मोजायचे. त्याच्या शेजारच्या रकान्यात लाली, कोरडेपणा, साल निघणे आणि जळजळ यांना शून्य ते तीन असे गुण द्यायचे. हा दुसरा रकाना माझ्या लेखी पहिल्याइतकाच मोलाचा आहे.

८ जानेवारी

आज तिने आजवर चेहऱ्याला लावलेल्या सगळ्या वस्तू टेबलावर मांडल्या आणि एकेकीचा विचार केला.

दाणेदार स्क्रब पहिल्यांदा बाजूला काढला. मुरूम मळामुळे होतो, हा समज इतका खोलवर रुजलेला आहे की चेहरा घासून काढणे हाच उपाय आहे असे कोणालाही वाटते. प्रत्यक्षात बिघाड त्वचेच्या आत, रोमकूपात असतो. तिथल्या पेशी सुटून बाहेर पडण्याऐवजी एकमेकींना चिकटून राहतात, पौगंडावस्थेपासून अँड्रोजेन संप्रेरकांमुळे वाढलेले तेल त्यांच्यामागे तुंबते, त्या तेलावर क्युटिबॅक्टेरियम ॲक्नेस हे मूळचेच त्वचेवर राहणारे जिवाणू पोसले जातात आणि त्याभोवती दाह सुरू होतो. ब्लॅकहेडचा काळा रंगही धुळीचा नसतो. उघड्या तोंडाशी आलेल्या द्रव्याचा हवेशी संयोग झाल्यामुळे आणि त्यातल्या मेलॅनिनमुळे तो येतो. सुजलेल्या रोमकूपावर दाणे घासले तर त्याची भिंत आतल्या आत फाटू शकते, आणि मग दाह आणखी पसरतो.

लिंबाचा रस आणि खाण्याचा सोडा या दोन्ही गोष्टी ती एखाद्या आठवड्याआड लावत असे. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी, साधारण ४.५ ते ५.५ पीएचचा असतो. लिंबाचा रस २ ते ३ च्या दरम्यान आणि सोडा ८ च्या वर, म्हणजे त्वचेला एकदा एका टोकाला आणि पुढच्या वेळी दुसऱ्या टोकाला खेचण्यासारखे होते. टूथपेस्टने फोड सुकल्यासारखा वाटतो हे खरे, पण तिच्यातील फेस आणणारी आणि सुगंधी द्रव्ये चेहऱ्याच्या त्वचेला झोंबतात आणि फोडाच्या जागी भाजल्यासारखा डाग मागे राहतो. तसा एक डाग तिच्या डाव्या गालावर आहे.

सगळ्यात जास्त वेळ मी एका लहानशा ट्यूबपाशी थांबले. एका परिचिताने ‘याने दोन दिवसांत चेहरा स्वच्छ होतो’ असे सांगून ती तिला दिली होती. ट्यूबच्या पुढच्या बाजूला उजळ त्वचेचे आश्वासन होते. मागच्या बाजूला, घडीच्या अगदी कडेला, मुंगीएवढ्या अक्षरांत क्लोबेटासोल प्रोपिओनेट असे छापलेले होते. हे अतितीव्र गटातले स्टेरॉइड आहे. ते लावल्यावर लाली आणि सूज झपाट्याने ओसरते, म्हणून माणसाला औषध रामबाण वाटते. पण रोमकूपातला अडथळा तसाच राहतो, चेहऱ्याची त्वचा पातळ होत जाते, बारीक रक्तवाहिन्या दिसू लागतात, लव वाढते, आणि मलम बंद केल्यावर मुरमे पूर्वीपेक्षा जोमाने उसळतात. त्या उसळीला घाबरून माणूस पुन्हा तेच मलम लावतो. तिने ते जेमतेम दोनतीनदा लावले होते, त्यामुळे थांबवण्यात अडचण नाही. महिनोन्‌महिने लावणाऱ्याने मात्र ते स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडवावे. चेहऱ्यावर लावण्याच्या कोणत्याही मलमाची मागची बाजू वाचल्याशिवाय ते उघडू नये, हे मी तिला आज अगदी कळकळीने सांगितले.

१९ जानेवारी

गेले काही दिवस एकही औषध लावलेले नाही. सकाळ-संध्याकाळ साबणविरहित सौम्य फेसवॉश, त्यावर सुगंध नसलेले आणि रंध्रे न बुजवणारे मॉइश्चरायझर, आणि दिवसा सनस्क्रीन, एवढाच नेम आहे. ‘मावशी, आपण उपचार कधी सुरू करणार?’ असे तिने विचारले, तेव्हा उपचार सुरूच आहे असे मी तिला सांगितले, आणि ते मनापासून सांगितले. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरातील पेशी आणि त्यांच्यामधली सेरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले या स्निग्ध द्रव्यांची भर मिळून पाणी आत आणि झोंबणाऱ्या गोष्टी बाहेर ठेवतात. ही फळी मोडलेली असताना औषध लावले, तर ते हवे त्यापेक्षा जास्त आत शिरते आणि जळजळ करते.

साध्या साबणाचा पीएच ९ ते १० असतो. तोंड धुतल्यावर नाकाच्या दोन्ही कडांना आणि तोंडाभोवती त्वचा ताणल्यासारखी वाटते, तिला बहुतेक जण स्वच्छतेची खूण मानतात. ती फळी विरत असल्याची खूण आहे. तिचा तो ताण आता गेला आहे, गालांवरची सर्वदूर लाली बरीच उतरली आहे, आणि फोडांची संख्या मात्र जवळपास तेवढीच आहे. हे अपेक्षितच होते. लाली उतरल्यामुळे आता एकेक फोड वेगळा मोजता येतो, हा नोंदींच्या दृष्टीने झालेला फायदा.

२६ जानेवारी

औषध निवडण्याचा दिवस. यावर आम्ही बराच वेळ घालवला, आणि डॉक्टरांशीही पुन्हा बोलणे झाले.

मुरमांवरच्या औषधांत त्वचेवर लावण्याच्या दोन औषधांचा आधार सर्वांत भक्कम आहे. पहिले बेंझॉइल पेरॉक्साइड. ते रोमकूपात ऑक्सिजनचे क्रियाशील रेणू सोडून जिवाणू मारते, आणि या मारक पद्धतीमुळे जिवाणूंत त्याच्याविरुद्ध प्रतिकार निर्माण होताना दिसत नाही. दुसरा गट रेटिनॉइडचा, म्हणजे अ जीवनसत्त्वाशी नाते असलेल्या औषधांचा. रोमकूपाच्या तोंडाशी पेशींची चिकटाचिकटी मोडणे हे त्यांचे काम, म्हणून दिसणाऱ्या मुरमाबरोबर पुढे होऊ घातलेला मुरूमही ती अडवतात. या गटातले ट्रेटिनॉइन अमेरिकेत १९७१ पासून वापरात आहे. ते जोरकस आहे, पण उजेडात आणि बेंझॉइल पेरॉक्साइडच्या सान्निध्यात त्याचे विघटन होते आणि त्वचेलाही ते अधिक झोंबते. ॲडापलीन त्यानंतरचे. ते उजेडात टिकते, बेंझॉइल पेरॉक्साइडसोबत टिकते, आणि त्याचा त्रास तुलनेने कमी असतो. अमेरिकेत १९९६ मध्ये ते डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळू लागले आणि २०१६ मध्ये त्याची ०.१ टक्क्याची जेल चिठ्ठीविना विकण्यास परवानगी मिळाली, यावरून त्याच्या सुरक्षिततेचा अंदाज यावा. गर्भारपणात मात्र कोणतेही रेटिनॉइड लावू नये, ही अट मी वहीच्या पहिल्याच पानावर लाल शाईने लिहिली आहे.

टक्केवारीचा मोह इथेच आवरायला हवा. बेंझॉइल पेरॉक्साइडच्या २.५, ५ आणि १० टक्क्यांच्या जेलची तुलना १९८६ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात लाल, सुजलेल्या फोडांवर २.५ टक्क्यांचा परिणाम वरच्या दोन्हींच्या तोडीचा ठरला, आणि १० टक्क्यांच्या तुलनेत साल निघणे, लाली व जळजळ कमी आढळली. चाळीस वर्षे होत आली तरी लोक अजून मोठा आकडा पाहूनच ट्यूब उचलतात, याचे मला मनापासून वाईट वाटते.

तिला टी ट्री तेल वापरून पाहायचे होते, कारण ते ‘नैसर्गिक’ आहे. तिचा प्रश्न उडवून लावण्यासारखा नव्हता. ऑस्ट्रेलियात १२४ रुग्णांवर झालेल्या आणि १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ५ टक्के टी ट्री तेलाच्या जेलने ५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडप्रमाणेच मुरमे कमी केली. परिणाम उशिरा दिसला, पण त्रास कमी लोकांना झाला. अडचण अशी की बाटलीतले शुद्ध तेल अनेक जण थेट फोडावर लावतात, आणि हवा व उजेड लागून जुने झालेले तेल ॲलर्जी उत्पन्न करू शकते. टिकाऊ आणि ठराविक प्रमाणाचे औषध हाताशी असताना मी ते निवडले नाही. नैसर्गिक असणे आणि सौम्य असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे तिला पटले.

शेवटी ठरले ते असे : आधी एकटे ॲडापलीन ०.१ टक्का, एक रात्र सोडून एक रात्र. त्वचा स्थिरावली की मग २.५ टक्के बेंझॉइल पेरॉक्साइड थोड्या वेळापुरते. दोन्ही औषधे एकत्र सुरू केली तर परिणाम कदाचित लवकर दिसेल, पण त्रास झाल्यास तो कोणत्या औषधाचा हे कळणार नाही. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२१ च्या मार्गदर्शिकेतही त्रास टाळण्यासाठी एक दिवसाआड किंवा थोडा वेळ लावून धुण्यापासून सुरुवात करावी, असेच सुचवले आहे, आणि पहिल्या उपचाराची मुदत १२ आठवड्यांची धरली आहे.

३० जानेवारी

जबड्याच्या खालच्या बाजूला, कानाजवळ, तीन दिवस अगदी थोडी जेल लावून पाहिली. खाज, गांध किंवा सूज काहीच आले नाही. बेंझॉइल पेरॉक्साइड आणि सॅलिसिलिक ॲसिड असलेल्या चिठ्ठीविना मिळणाऱ्या औषधांमुळे क्वचित गंभीर ॲलर्जी होऊ शकते, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१४ मध्ये दिला होता, आणि नव्याने वापरणाऱ्याने लहानशा जागी तीन दिवस लावून पाहावे असे म्हटले होते. त्याच धर्तीवर आम्ही ॲडापलीनचीही परीक्षा घेतली. ओठ, जीभ वा डोळे सुजणे, घसा आवळणे, श्वास अडणे, भोवळ येणे यांपैकी काहीही झाले तर घरी वाट न पाहता तातडीने रुग्णालय गाठायचे.

आज रात्री पहिल्यांदा पूर्ण चेहऱ्यावर लावले. तोंड धुऊन, टिपून, त्वचा पूर्ण कोरडी होईपर्यंत थांबलो, कारण ओल्या त्वचेत औषध जास्त शिरते आणि अधिक झोंबते. वाटाण्याएवढी जेल बोटाच्या टोकावर घेतली. तिचे पाच ठिपके कपाळ, नाक, हनुवटी आणि दोन गाल यांवर ठेवले आणि तिथून हलक्या हाताने बाहेर पसरवले. पापण्या, नाकपुड्यांच्या कडा आणि ओठांचे कोपरे वगळले. फोडावर तेवढा ठिपका देऊन भागत नाही, कारण औषध मुख्यतः अजून न दिसणाऱ्या मुरमासाठी असते. ‘एवढीशीच?’ असे तिने विचारले. एवढीशीच.

११ फेब्रुवारी

ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांना आणि हनुवटीच्या वळणावर पापुद्रे सुटले आहेत, आणि मॉइश्चरायझर लावतानाही तिथे चुरचुरते. साल निघण्याचे गुण दोन, जळजळीचे दोन. रेटिनॉइडचा त्रास पहिल्या दोन ते चार आठवड्यांत सर्वाधिक असतो आणि पुढे ओसरतो, त्यामुळे मला आश्चर्य वाटले नाही. पण ‘सहन कर’ म्हणून सोडून देणे या प्रकल्पाच्या हेतूत बसत नाही.

तीन बदल केले. औषधाच्या आधी ओठांच्या कोपऱ्यांना आणि नाकपुड्यांच्या कडांना पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवायचे, म्हणजे पसरलेली जेल तिथे साचणार नाही. औषधाच्या आधी एक आणि नंतर एक असे मॉइश्चरायझरचे दोन थर द्यायचे. आणि चुरचुर पूर्ण थांबेपर्यंत दोन रात्रींचे अंतर ठेवायचे. औषध काही रात्री कमी लावल्याने उपचार वाया जात नाही. दोन महिन्यांनी ते लावणारे कोणी उरले नाही तर मात्र जातो.

तिच्या एका मैत्रिणीने साल निघते म्हणजे औषध काम करते आहे, असे सांगून प्रमाण वाढवायला सुचवले होते. साल निघणे ही जळजळीची खूण आहे. परिणामाचे माप म्हणून तिच्याकडे पाहता येत नाही. सावळ्या आणि गव्हाळ त्वचेत तर या जळजळीची आणखी एक किंमत असते, कारण जिथे दाह होतो तिथे रंगद्रव्य साठते आणि औषधानेच नवे डाग पडतात.

२३ फेब्रुवारी

चुरचुर थांबली. साल अगदी किंचित. एक रात्र सोडून एक रात्र हा क्रम पुन्हा सुरू केला आहे.

हनुवटीवर नव्या बारीक पुटकुळ्या एकदम वर आल्याने ती खट्टू झाली आहे. डोळ्यांना दिसणाऱ्या मुरमाची सुरुवात त्याच्या कित्येक आठवडे आधी रोमकूपात झालेली असते, आणि रेटिनॉइडमुळे त्यांतले काही लवकर वर येतात, असे पुष्कळ डॉक्टर सांगतात. मी स्थानाकडे पाहते. नेहमी मुरमे येणाऱ्या जागीच त्या आल्या आहेत आणि खाज नाही, तेव्हा थांबून पाहायचे. पूर्वी कधी मुरूम न आलेल्या जागी, खाजणाऱ्या किंवा आग होणाऱ्या पुटकुळ्या आल्या असत्या, तर औषध बंद करून डॉक्टरांना दाखवले असते.

९ मार्च

बेंझॉइल पेरॉक्साइड आजपासून. सकाळी तोंड धुण्याच्या वेळी २.५ टक्क्यांची जेल गालांवर व हनुवटीवर पातळ थरात लावायची, काही मिनिटे थांबायचे आणि भरपूर पाण्याने धुऊन टाकायची. रात्री ॲडापलीन. रोज न लावता सुरुवातीला ज्या सकाळच्या आदल्या रात्री ॲडापलीन नव्हते तीच सकाळ निवडायची, म्हणजे एका दिवसात त्वचेवर दोन भार पडत नाहीत.

हे औषध कापडाचा रंग कायमचा उडवते. उशीचा अभ्रा, टॉवेल, ओढणी, केस आणि भुवया, सगळ्यांना हे लागू आहे, आणि ट्यूबवर बारीक अक्षरांत लिहिलेले असूनही ते फार थोडे जण वाचतात. पांढरा टॉवेल वेगळा काढून ठेवला आहे. जेल धुतल्यावर केसांच्या कडेला आणि कानांपुढे ती राहून जाते, तिथून ती कापडाला लागते, म्हणून धुताना त्या दोन जागांवरून बोटे फिरवायला तिला सांगितले.

१५ मार्च

बेंझॉइल पेरॉक्साइडमध्ये बेंझीन सापडल्याच्या बातम्या वाचून तिची आई काळजीत पडली आणि ट्यूब फेकून द्यायला निघाली. बेंझीन कर्करोगकारक आहे, त्यामुळे काळजी अनाठायी म्हणता येणार नाही. बेंझॉइल पेरॉक्साइडचा रेणू विशेषतः उष्णतेत विघटित होऊन बेंझीन तयार होऊ शकते. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने स्वतः ९५ उत्पादने तपासली आणि या महिन्यात निष्कर्ष जाहीर केले : ९० टक्क्यांहून अधिक उत्पादनांत बेंझीन आढळले नाही किंवा अत्यल्प आढळले, आणि मर्यादित उत्पादनेच बाजारातून परत मागवण्यात आली. ही माहिती ताईला वाचून दाखवल्यावर तिचा जीव भांड्यात पडला.

यातून आमच्यासाठी व्यवहाराचे एवढे निघते की ट्यूब उन्हाच्या खिडकीत, बंद गाडीत किंवा न्हाणीघरातल्या गरम हवेत ठेवायची नाही, मुदत उलटलेली वापरायची नाही, आणि मोठी ट्यूब घेऊन वर्षभर पुरवायची नाही. सध्या ती खोलीतल्या थंड कप्प्यात आहे.

२८ मार्च

लाल फोड स्पष्टपणे उतरणीला लागले आहेत. आता तिचे लक्ष मुरमांवरून डागांकडे वळले आहे, आणि अनेकांना खरा त्रास याचाच असतो : मुरूम जातो, त्याची तपकिरी सावली महिनोन्‌महिने राहते.

या डागांवर पहिला उपाय सनस्क्रीनचा. अतिनील किरणांच्या दोन्ही पट्ट्यांपासून संरक्षण देणारे, किमान ३० एसपीएफचे, आणि पुरेसे. दोन बोटांच्या लांबीएवढे क्रीम चेहरा आणि मान यांना लागते. बहुतेक जण त्याच्या अर्धेही लावत नाहीत. डोळ्यांना दिसणारा प्रकाशदेखील सावळ्या त्वचेतले रंगद्रव्य गडद करू शकतो, म्हणून आयर्न ऑक्साइड असलेले, किंचित रंगीत सनस्क्रीन निवडले आहे. त्याने डाग थोडे झाकलेही जातात, आणि ती ते आनंदाने लावते. औषधाच्या बाबतीत हा आनंद मी फार महत्त्वाचा मानते.

दुसरा पर्याय अझेलाइक ॲसिडचा. १५ ते २० टक्क्यांत ते मुरमे कमी करते, रंगद्रव्य बनवणाऱ्या टायरोसिनेज या विकराला आवर घालते आणि गर्भारपणातही सुरक्षित मानले जाते. ज्यांना रेटिनॉइड चालत नाही त्यांच्यासाठी मी तेच आधी सुचवीन. सुरुवातीला काही मिनिटे खाज किंवा टोचल्यासारखे वाटते, हे आधी सांगून ठेवावे. आमच्याकडे सध्या तिसऱ्या औषधाची भर घालायची नाही. आधीची दोन स्थिर झाली की डॉक्टरांशी बोलू.

९ एप्रिल

शेजारच्या एकीने तिला क्लिंडामायसिन या प्रतिजैविकाची जेल देऊ केली. नको म्हणून सांगितले. मुरमांवर प्रतिजैविक एकटे लावत राहिले की जिवाणू त्याला दाद देईनासे होतात, आणि तो प्रतिकार त्या एका चेहऱ्यापुरता राहत नाही. डॉक्टरांनी दिलेच तर ते बेंझॉइल पेरॉक्साइडच्या जोडीने आणि ठराविक मुदतीपुरते घ्यायचे असते.

परीक्षेच्या काळात हनुवटीवरचा एक फोड तिने नखाने फोडला आणि तिथे खपली धरली. रागावले नाही. त्या जागी हायड्रोकोलॉइडचा, म्हणजे जखमेतला ओलावा धरून ठेवणाऱ्या द्रव्याचा, छोटा चिकट पॅच लावला. जखम ओलसर राहून लवकर भरते आणि बोटाला पुन्हा तिथे जायला वाव राहत नाही. खपली निघून जाईपर्यंत त्या जागी दोन्ही औषधे बंद.

२७ एप्रिल

बारा आठवड्यांचा आढावा. लाल आणि पू असलेले फोड सुरुवातीच्या निम्म्याहून बरेच खाली आले आहेत. कपाळावरच्या बंद पुटकुळ्या कमी झाल्या, पण तेवढ्या नाहीत. या जातीच्या पुटकुळ्या सावकाशच जातात. नवा खड्डा एकही नाही. त्रासाच्या रकान्यात गेले काही आठवडे लाली शून्य, जळजळ शून्य, कोरडेपणा एक. फेब्रुवारीतली दोन गुणांची साल पुन्हा दिसलेली नाही.

हे सगळे श्रेय औषधांचे आहे, असे मी नोंदवणार नाही. मुरमे आपोआप कमीजास्त होत असतात, आणि औषधचाचण्यांत औषध नसलेली निव्वळ जेल लावणाऱ्या गटातही ती ठळकपणे कमी होताना दिसतात. शिवाय स्क्रब, लिंबू आणि सोडा बंद केल्याचाही वाटा आहे. एका चेहऱ्याच्या नोंदीतून ही वाटणी करता येत नाही. एवढे मात्र नक्की सांगता येते की तिने एकही औषध कंटाळून सोडले नाही.

डॉक्टरांनी आज पाहून समाधान व्यक्त केले. सुधारणा दिसली नसती तर त्यांनी तोंडाने घेण्याच्या औषधांचा विचार केला असता, आणि त्यांचेही आपापले त्रास आहेत : डॉक्सिसायक्लीन या प्रतिजैविकाने ऊन बाधते आणि ते भरपूर पाण्यासोबत, लगेच आडवे न होता घ्यावे लागते, आयसोट्रेटिनॉइन १९८२ पासून गंभीर मुरमांवर अत्यंत गुणकारी ठरले आहे, पण गर्भात गंभीर व्यंगे उत्पन्न करते, म्हणून गर्भधारणा होणार नाही याची कडक काळजी आणि रक्ततपासण्या यांशिवाय ते घेता येत नाही. ही औषधे वाईट नाहीत. ज्याला खोल गाठी आणि व्रण आहेत त्याच्यासाठी तीच योग्य, आणि त्याला मलमांवर अडकवून ठेवणे हाच मोठा दुष्परिणाम ठरेल.

११ मे

पुढील काळाची आखणी. मुरमे गेली म्हणून ॲडापलीन लगेच बंद करायचे नाही, कारण रोमकूपांची प्रवृत्ती तीच राहते. ते एक रात्र सोडून एक रात्र चालू ठेवायचे. बेंझॉइल पेरॉक्साइड आठवड्यातून दोन-तीन सकाळी, आणि पाळीच्या आधीच्या आठवड्यात हनुवटीवर फोड येतात म्हणून तेव्हा एखादी सकाळ जास्त. मोजणी आता महिन्यातून एकदा. मेण लावून चेहऱ्यावरचे केस काढायचे असतील तर आधी काही दिवस ॲडापलीन थांबवायचे, कारण ते लावत असताना वरची त्वचा मेणासोबत सोलून निघू शकते. हे तिने स्वतःहून विचारले, बरे झाले.

डाव्या गालावरचा टूथपेस्टचा डाग फिकट झाला आहे, पण गेलेला नाही. पुढच्या भेटीत त्यासाठी अझेलाइक ॲसिड विचारायचे आहे, आणि ते सुरू केले तर जबड्याखाली तीन दिवसांच्या परीक्षेपासूनच.